जुनी गाडी घरच्या घरी मॉडिफाय करताना: कामांचा योग्य क्रम

जुनी गाडी घरी सुधारायला घेतलेल्यांचं काम बहुतेक वेळा पैशांपेक्षा क्रमामुळे अडतं. आधी अलॉय व्हील्स येतात, मग मोठा स्पीकर, मग रंग. त्यानंतर कधीतरी कळतं की रंग लावलेल्या दाराखालचा पत्रा आतून सडलाय आणि ब्रेकचे पाइप बदलायला हवेत. नव्या रंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि एकाच कामाचे पैसे दोनदा जातात.

या लेखातला क्रम सोपा आहे. गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग रात्री तिच्यातून नीट दिसलं पाहिजे, मग ती टिकली पाहिजे. ती देखणी करायची सगळ्यात शेवटी. याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच काम उघडायचं आणि ते संपवून गाडी चालवून बघितल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. एकाच वेळी सीट बाहेर, डॅशबोर्ड सुटा आणि इंजिनाच्या वायरी लोंबकळत असलेली गाडी सहसा पुन्हा रस्त्यावर येत नाही.

## तयारी: पाना हातात घेण्याआधी

वही. तीन रकाने करा: "सुरक्षिततेसाठी लागणारं", "गाडी टिकण्यासाठी लागणारं", "मला हवं असलेलं". मनात असलेलं प्रत्येक काम यांपैकी एका रकान्यात टाका. पहिला रकाना रिकामा होईपर्यंत तिसऱ्या रकान्यातली वस्तू विकत घ्यायची नाही, स्वस्तात मिळत असली तरीही. जो काही पैसा ठरवला असेल त्याचा साधारण चौथा हिस्सा बाजूला ठेवा. जुन्या गाडीत गंजलेला बोल्ट तुटतो, रबर हातात भुगा होतं, प्लॅस्टिकची क्लिप मोडते. हा खर्च येतोच.

मॅन्युअल. तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. नट किती घट्ट करायचा, कुठलं ऑइल घालायचं, जॅक कुठे लावायचा, हे अंदाजाने ठरवायचं नसतं.

हत्यारं. चांगला गोटी पाना संच, रिंग आणि फिक्स पाने, टॉर्क पाना, मल्टिमीटर, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, जॅक, आणि जॅकखेरीज दोन मजबूत स्टँड. पैसे कमी असतील तर हत्यारांची संख्या कमी करा, दर्जा कमी करू नका. मऊ लोखंडाची गोटी बोल्टचे कोपरे गोल करते आणि दहा मिनिटांचं काम दिवसभर चालतं.

कागदपत्रं. चाकांचा आकार, गाडीची उंची, दिवे, सायलेन्सर, रंग, सीटची संख्या यांतल्या बदलांवर ठिकठिकाणी नियम आहेत आणि ते सारखे नाहीत. तुमच्याकडे नोंदणी कार्यालयाला काय कळवावं लागतं आणि विमा कंपनीला काय सांगावं लागतं, हे सामान घेण्याआधी विचारा. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा अडू शकतो.

> इशारा: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. सपाट, कडक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग जॅक, मग स्टँड, आणि मग गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचं. हलली तर परत खाली घ्या. विटा आणि फरशीचे तुकडे स्टँडची जागा घेऊ शकत नाहीत, कारण ते कुठलीही सूचना न देता फुटतात.

## टप्पा १: धुवा, मग तपासा

आधी गाडी खालून आणि इंजिनच्या बाजूने स्वच्छ करा. चिखलाखाली गळतीही दिसत नाही आणि गंजही. इंजिन धुताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स आणि हवेच्या फिल्टरचं तोंड झाका. दाबाच्या पाण्यापेक्षा ब्रश आणि डीग्रीझर बरा.

मग या गोष्टी याच क्रमाने बघा:

1. पत्रा. दारांखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, स्टेपनीचा खड्डा, पुढचे शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बसतात ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट. बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. कुरकुर आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर तिथे पत्रा उरलेला नाही. लहान लोहचुंबक पातळ कापडातून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी (पुटी) भरलेली आहे.
2. गळती. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा. कुठला डाग कुठे पडला यावरून अर्धं निदान होतं.
3. टायर. बाजूच्या भिंतीवरच्या डीओटी खुणेतले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नक्षी शिल्लक असली तरी भिंतीला बारीक भेगा पडलेला टायर बाद समजा.
4. बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवून मोजा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा हवा.
5. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असं धरा. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि सगळं बजेट एका क्षणात संपतं.

> तपासणी: वहीतला पहिला रकाना आता वाढलेला असेल. तो वाढला नसेल तर तपासणी पुन्हा करा.

या यादीनंतर कधीकधी असंही ठरतं की या गाडीवर पैसे घालू नयेत. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या जागा किंवा चॅसिसचे मुख्य भाग सडलेले असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की त्याच मॉडेलची बरा पत्रा असलेली दुसरी गाडी शोधावी. इंजिन बदलता येतं. सडलेला सांगाडा घरी दुरुस्त होत नाही.

## टप्पा २: ब्रेक

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला. ब्रेकमधली धूळ फुंकर किंवा हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

- पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या जवळ आलं असेल तर बदला. नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला.
- डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. ती मोजून बघा.
- कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नका. तारेने स्प्रिंगला बांधा.
- ड्रम उघडताना एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठे कशी बसते याचा नमुना म्हणून दुसरी बाजू जशीच्या तशी राहते.
- कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

मग ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइल्स हवेतली ओल शोषतात. डॉट ४चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५च्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही.

पाइपांतली हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाब तयार होतो तो भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. वरची टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते रंग सोलून काढतं.

> तपासणी: गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नवे पॅड बसवल्यावर पहिल्या दाबाला पेडल जमिनीला टेकतं, आणि हे विसरून गाडी मागे घेणारे भिंतीवर जातात. त्यानंतर मोकळ्या जागी हळू वेगात थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत उघडा.

## टप्पा ३: सस्पेन्शन

इथे मॉडिफिकेशनची घाई सगळ्यात जास्त होते आणि तिची गरज सगळ्यात कमी असते. जुन्या गाडीचे रबरी बुश (सांध्यांतली रबरं), लिंक रॉड आणि शॉकॲब्सॉर्बर मूळ मापाचे नवे बसवले, तर गाडी इतकी बदलते की वेगळ्या स्प्रिंगचा विचार बऱ्याचदा मागे पडतो. बुशचे मुख्य बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. चाकं हवेत लोंबत असताना आवळले, तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापू नका आणि तापवूही नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, खड्ड्यात चाक खाली गेलं की जागेवरून निसटू शकते. तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचा ताठपणाच जातो.

> इशारा: मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकॲब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच भाग) स्प्रिंग दाबून उघडायचं काम घरी करू नये असं मी ठामपणे सांगेन. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो. स्ट्रट घरी बाहेर काढा, स्प्रिंग गॅरेजमध्ये बदलून घ्या आणि परत आणून घरी बसवा. पैसे तरीही वाचतात.

काम संपलं की व्हील अलाइनमेंट करून घ्या. ते पुढे ढकललं तर नवे टायर कडेने झिजून जातील.

## टप्पा ४: वायरिंग आणि दिवे

जुन्या गाडीत कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि आग लागते तीही इथूनच. म्हणून हा टप्पा सावकाश करा.

आधी अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. बसवताना ती शेवटी बसवा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या जाड तारा सोडवा, त्यांच्याखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, वर व्हॅसलीन लावा. मंद दिवे, रेंगाळणारा स्टार्टर, नाचणारे काटे यांतल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

मग मोजा. इंजिन चालू करून हेडलाइट लावा. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन बल्बच्या पॉझिटिव्ह टोकावर धरा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी वीज वाटेतच जातेय. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब १० टक्के घटला तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. अंधुक दिव्यांचं कारण अनेकदा बल्ब नसून वीस-तीस वर्षं जुनी तार आणि स्विच असतं.

मग रिले, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच. साध्या रिलेला चार टोकं असतात. ३० क्रमांकावर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड तार, ८७ वरून बल्बकडे जाणारी तार. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं; एकाला जुन्या हेडलाइट वायरचा इशारा, दुसऱ्याला अर्थ. आता डॅशबोर्डच्या स्विचमधून १० अँपिअरऐवजी एक अँपिअरही जात नाही. लो बीमला एक आणि हाय बीमला एक असे दोन रिले लावा. तार २.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली तार पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली.

काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच जपानी बनावटीच्या, हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थच्या बाजूला असतो. जोडणी करण्याआधी मीटर लावून ते तपासा.

नेहमी होणाऱ्या चुका:

- तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं. उन्हाने गोंद सुटतो. दाबून बसवायचे टर्मिनल आणि गरम करून आवळणारी नळी वापरा.
- पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी कडं न घालणं.
- फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणं. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो; मोठा घातला की फ्यूजऐवजी तार जळते.
- जुन्या तारांवर १०० वॅटचे बल्ब लावणं. होल्डर आणि स्विच वितळतात.
- हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणं. प्रकाशाचा झोत विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे.

दिव्याची काच प्लॅस्टिकची असून पिवळी पडली असेल तर ८००, १५००, २०००, ३००० या क्रमाने पाण्यातला पेपर मारा, पॉलिश करा आणि वर ऊन अडवणारा क्लिअर कोट द्या. तो नाही दिला तर काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडते.

> तपासणी: गाडी बंद, दारं लावलेली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ती तार आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये, अँपिअर मोजायला लावलेला मल्टिमीटर जोडा. थोड्या वेळाने आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत कुठली जोडणी वीज पितेय ते शोधा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका.

## टप्पा ५: गंज आणि रंग

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. ती मोकळी केल्याशिवाय केलेली दुरुस्ती परत आतून फुगून येते.

1. रंग फुगलेला दिसतो त्याच्या बाहेर दोन-तीन बोटं चांगला रंग काढा. गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो.
2. वायर ब्रश किंवा ८० नंबरचा पेपर मारून चमकता पत्रा काढा. खळग्यांतला काळा गंज ब्रशने निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या.
3. भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. सीटबेल्ट, सस्पेन्शन, दाराखालची पट्टी अशा भार घेणाऱ्या ठिकाणी फायबर आणि लांबी चालत नाही. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवा, आतलं कार्पेट काढा आणि पेट्रोलची टाकी व पाइप कुठून जातात ते वेल्डरला आधी दाखवा.
4. एपॉक्सी प्रायमर.
5. लांबी फक्त उंचसखल भाग भरायला, तीही ३ मिलिमीटरच्या आत. हार्डनर साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर रंगातून डाग वर येतो. लांबी कोरडीच घासा. ती स्पंजासारखं पाणी पिते आणि ते पाणी पत्र्यापर्यंत पोचतं.
6. १८०, मग ३२०, वर सर्फेसर प्रायमर, मग ६०० पाण्यात.
7. रंग.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. पण जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून कोड बरोबर असूनही ठिगळ दिसतं. यावर उपाय म्हणजे मध्येच न थांबता पॅनेलच्या काठापर्यंत किंवा घडीपर्यंत रंग नेणं.

स्प्रे साधारण २० ते २५ सेंटीमीटरवरून, हात पॅनेलच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवायचा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. मध्ये दहाएक मिनिटं जाऊ द्या. ओघळ आला तर तेव्हा हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग २००० नंबरने घासून कंपाउंड मारा.

> इशारा: हार्डनर घालून वापरायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट असतं. त्याची बाधा एकदा झाली की दमा आयुष्यभर राहू शकतो, आणि साधा मास्क ते अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे रंग घरी मारू नका. साफसफाई, घासणं, प्रायमर घरी करा आणि शेवटचा हात रंगाच्या बूथमध्ये द्या. रंगकामाच्या खर्चातला मोठा वाटा घासण्याच्या मजुरीचा असतो आणि तो तुम्ही वाचवलेला असतो.

शेवटी दारांच्या आणि पट्ट्यांच्या पोकळीत मेणाचं गंजरोधक फवारा. पाणी जायची भोकं त्यानंतर पुन्हा मोकळी करा.

## टप्पा ६: चाकं आणि टायर

चाक विकत घेण्याआधी चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून ते बसतं त्या पृष्ठभागाचं अंतर), मधल्या भोकाचा व्यास आणि टायरचा एकूण व्यास. शेवटचा आकडा कागदावर काढता येतो. १५५/८० आर १३ घ्या. रिम १३ गुणिले २५.४ म्हणजे ३३०.२ मिलिमीटर, टायरची उंची १५५ च्या ८० टक्के म्हणजे १२४, वरची आणि खालची मिळून २४८. एकूण ५७८.२. आता १७५/६५ आर १४: ३५५.६ अधिक २२७.५, म्हणजे ५८३.१. फरक एक टक्क्याच्या आत आहे, वेगाचा मीटर जवळपास बरोबर राहील. फरक तीन टक्क्यांवर गेला तर तो टायर सोडून द्या. टायरवरचा भारांक (तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

चाक बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मागे माणसं बसवून एखादा गतिरोधक ओलांडा आणि कुठे घासतंय का ते ऐका.

## टप्पा ७: आतली बाजू, आणि इंजिनाबद्दल थोडंसं

आवाज कमी करण्यासाठी ब्युटाइलचे (थरथर शोषणाऱ्या रबराचे) चिकट पत्रे सगळीकडे चिकटवायची गरज नाही. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधल्या पाव भागावर लावले तरी त्याची थरथर बसते. छतावर वापरायचं डांबरी शीट आणू नका. उन्हात वास मारतं आणि ओघळतं. पत्रा गंजमुक्त आणि कोरडा असल्याशिवाय काही चिकटवू नका. सीट किंवा स्टिअरिंगखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

इंजिनाची ताकद वाढवण्यावर या बजेटमध्ये पैसे घालू नयेत. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला की इंजिन गरम हवा ओढतं. आवाज वाढतो, ताकद नाही. तेच पैसे नवे प्लग, प्लगच्या वायरी, फाटलेले व्हॅक्यूम पाइप, हवेचा मूळ फिल्टर आणि कूलंट यांवर घाला. हरवलेली ताकद परत मिळते, आणि जुन्या गाडीत ती बरीच हरवलेली असते.

## पहिल्या शंभर किलोमीटरनंतर

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर शेजारचा नाही, समोरचा), टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. अलॉय चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये सैल होऊ शकतात. ब्रेकचे सगळे जोड आणि टाकीतली ऑइलची पातळी बघा. रिले आणि फ्यूजच्या टोकांना हात लावून कुठलं तापतंय का ते बघा. सीट काढली असेल तर तिचे आणि सीटबेल्टचे बोल्ट पुन्हा आवळा.

आणि डिकी उघडून स्टेपनी तपासा. नवी चाकं अलॉयची असतील आणि स्टेपनी लोखंडी, तर नव्या नट-बोल्टचा आकार किंवा लांबी तिला जुळेलच असं नाही. मूळ नट-बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.